हुंडणावळ कोणाच्या खिशातून जाते?

गुरुकुंज मोझरीपासून तिवसा घ्या नाहीतर अमरावती घ्या, पोराला शिकायला पुण्या-नागपूरला ठेवलेला शेतमजूर बाप सगळीकडे सापडतो. महिन्याला दोन-तीन हजार पाठवायचे असतात. स्मार्टफोन असेल तर यूपीआयने फुकट जातात. साधा फोन असेल तर बँकेत जा, मजुरीचा दिवस पाडा, स्लिप भरा आणि वरून चार्जेस द्या. त्याबद्दल बोलले की आमचीच माणसे म्हणतात, "पैसे पाठवायचे म्हटल्यावर थोडे कटणारच." हे "कटणारच" आमच्या डोक्यात कधी बसले, ते तपासले पाहिजे.

पैसा एका गावाहून दुसऱ्या गावाला पोहोचवण्याच्या मोबदल्याला मराठीत जुना शब्द आहे, हुंडणावळ. नाण्यानाण्यांतल्या फरकापोटी सराफ कापायचा तो बट्टा. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला, तरी पलीकडे निजामाचा हाली शिक्का वेगळाच होता. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हातात आला आणि १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली. अमरावती आणि खामगावचा कापूस मुंबईला जाऊ लागला. मुंबईचा पैसा हुंडीने इकडे यायचा. हुंडी चालायची पेढीच्या पतीवर, आणि पत होती सावकार-सराफाच्या जातीजमातीत. सराफाची हुंडणावळ, अडत्याची अडत, सावकाराचे व्याज, हे सगळे शेवटी कापसाच्या भावातून वसूल व्हायचे. कापूस वेचणाऱ्या बाईने हुंडी डोळ्यांनी पाहिली नाही, पण तिची किंमत तिच्या मजुरीतूनही गेली. महार वतनदाराला तर बलुते धान्यातच मिळायचे. पाठवायला पैसा होताच कुठे?

पैसा हातात आला तो गिरणीत, रेल्वेत, पलटणीत. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. १८८० पासून पोस्टाची मनिऑर्डर सुरू झाली आणि पहिल्यांदा आमच्या माणसाला सराफाच्या ओट्यावर न चढता घरी पैसे पाठवता आले. ही सोय मोठी होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिचा दर बघा. शेवटच्या काळात मनिऑर्डरला दर २० रुपयांना १ रुपया कमिशन होते, म्हणजे ५ टक्के. ५०० रुपये पाठवणारा २५ रुपये द्यायचा. त्याच काळात बँकेतून एनईएफटीने दोन लाखांवर रक्कम पाठवणाऱ्याला जास्तीत जास्त २५ रुपये अधिक कर लागायचा. मजुराचे ५०० आणि व्यापाऱ्याचे ३ लाख, हुंडणावळ जवळपास सारखीच! जुनी मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. या ५ टक्क्यांबद्दल कोणी लिहिल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

हुंडणावळ याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे परकीय चलनाचा दर. तिथेच बाबासाहेब येतात. लंडनमध्ये भारतमंत्री कौन्सिल बिले विकायचा. व्यापारी तिथे पौंड भरायचा आणि त्याला इथे मुंबई-कलकत्त्यात रुपये मिळायचे. सरकारी पातळीवरची हुंडीच ती. रुपया घसरला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असे इथली बडी मंडळी मानत होती. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात बाबासाहेबांनी या समजाची चिरफाड केली. रुपया घसरला की भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणजे निर्यातदाराला मिळणारी बक्षिसी मजुराच्या ताटातून काढलेली असते, देशाने कमावलेली नसते. हीच दृष्टी घेऊन ते हिल्टन यंग आयोगापुढे साक्षीला गेले.

दर १ एप्रिलला रिझर्व्ह बँक बाबासाहेबांची देणगी असल्याचे संदेश आपण एकमेकांना पाठवतो. बँक १९३५ ची, आणि योगायोगाने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा मोझरीचा आश्रमही त्याच वर्षीचा. अभिमान जरूर असावा. पण बाबासाहेबांचा प्रश्न होता, पैशाच्या व्यवहाराचा भार कोणत्या वर्गावर पडतो? तो प्रश्न आज बँकेच्या खिडकीत आपण विचारतो का?

विचारायला कारण आहे. शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्यातून, ज्यात जनधन खाती येतात, महिन्याला चार वेळा पैसे काढता येतात. आयआयटी मुंबईच्या एका अहवालानुसार, स्टेट बँकेने २०१७ पासून चारच्या वरच्या प्रत्येक डिजिटल व्यवहारावर १७ रुपये ७० पैसे कापले. १५ रुपये चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. शंभर रुपये पाठवले तरी तेवढेच. सप्टेंबर २०२० पर्यंत २५४ कोटींहून जास्त रक्कम अशी जमा झाली. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने १ जानेवारी २०२० नंतरचे चार्जेस परत करायला सांगितले, तेव्हा सुमारे ९० कोटी परत गेले. उरलेले १६४ कोटी त्याआधीचे, म्हणून ते बँकेकडेच राहिल्याचे अहवाल सांगतो. आणि गंमत बघा, १ जानेवारी २०२० पासूनच बचत खातेदाराला ऑनलाइन एनईएफटी फुकट झाली. शाखेत जाऊन स्लिप भरणाऱ्याला मात्र त्यातून वगळले. म्हणजे ज्याला इंटरनेट येते त्याला सूट आणि ज्याला येत नाही त्याला दंड.

तरुणांनी आपापल्या वस्तीत बसून आईबापांची पासबुके भरून आणावीत आणि चार्जेसची प्रत्येक ओळ खुणवावी. चार्ज चुकीचा वाटला तर आधी शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि अर्ज पोस्टाने पाठवला तरी चालतो.