आम्लता आणि चौपेडी डीएनए : एका शोधाचा इतिहास

१९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची दुपेडी सर्पिल रचना मांडली व पुढे दीर्घकाळ अभ्यासकांच्या मनावर तिचाच पगडा राहिला. सुताच्या व्यवहारात राहणाऱ्या भिवंडी–शेलार परिसरातील वाचकास 'पेड' या शब्दाची फोड करून सांगावयास नको. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र चार पेडांची घडी हा आहे.

१९६३ साली लँगरिज व रिच यांनी केवळ सायटोसीन हा घटक असलेल्या आरएनएच्या तंतूंचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. तेथे सायटोसीनची सायटोसीनशीच जोडी जमलेली आढळली. अशा जोडीतील एकाने प्रोटॉन स्वीकारावा लागतो; मग उभयतांत तीन हायड्रोजन बंध पडतात. हा प्रोटॉन आम्लता पुरविते. मृदापरीक्षणामुळे शेतकऱ्यासही परिचित झालेला 'सामू' सुमारे ४.५ असता निम्मे सायटोसीन प्रोटॉनयुक्त असतात, म्हणजे जोडीस हवे तेच प्रमाण साधते. आम्लता याहून फार वाढल्यास जवळजवळ सर्वच प्रोटॉनयुक्त होतात व जोडी सुटते.

जोडी ज्ञात होऊनही घडी ओळखण्यास तीस वर्षे लागली. १९९३ साली पॅरिसजवळील एकोल पॉलिटेक्निकमध्ये गेहरिंग, लरुआ व गेरों यांनी अशा जोड्यांनी बांधलेल्या दोन दुपेडी रचना विरुद्ध दिशांनी एकमेकींत गुंफलेल्या असल्याचे दाखविले. हीच 'आय-मोटिफ' होय.

आक्षेप उघड होता. पेशीकेंद्रातील सामू सातच्या किंचित वर असतो. तेव्हा ही परीक्षानळीतील नवलाई ठरली. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात यमुना कृष्णन व सहकाऱ्यांनी २००९ साली या दोषाचाच उपयोग केला : आम्लतेने मिटणाऱ्या या घडीच्या साह्याने त्यांनी जिवंत पेशीतील सामू मोजला. २०१७ साली उदासीन सामूसही घडी घालणारे अनुक्रम प्रसिद्ध झाले, आणि २०१८ साली सिडनीच्या गार्व्हन संस्थेने प्रतिपिंडाच्या साह्याने मानवी पेशीकेंद्रात त्या दिसल्याचे जाहीर केले.

तथापि वाद मिटलेला नाही. २०२४ साली तेच प्रतिपिंड न घडलेल्या सायटोसीनबहुल पेडासही चिकटते असे दाखविण्यात आले. त्याच वर्षी चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगांवरून जिवंत मानवी पेशींत अशा बहुतेक घड्या उलगडलेल्याच असतात व फार स्थिर अशा थोड्याच टिकतात, असे अनुमान निघाले.

भाषाभ्यासकास हा प्रश्न अपरिचित नाही. शब्द कोशात सापडणे व तो बोलीत वावरणे या भिन्न गोष्टी होत, आणि दोहोंस पुरावाही भिन्न लागतो. १९९३ च्या प्रयोगांनी घडी शक्य असल्याचे सिद्ध केले. पेशीतील तिचे कार्य अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे.