कलोसियमच्या भिंतीतली भोकं

रोमला जायचा बेत असेल, तर कलोसियमची तिकिटं आधी काढून ठेवा, आणि आत शिरण्यापूर्वी पाच मिनिटं बाहेर थांबा. भिंतीकडे नीट बघा. दगडादगडांवर भोकं दिसतील, तोफेचे गोळे लागल्यासारखी. माझ्या मुलाला वाटलं, इथे मोठी लढाई झाली असणार. तसं काही नाही. दगड एकमेकांना जखडायला रोमन गवंड्यांनी लोखंडी आकडे वापरले होते. साम्राज्य गेलं, लोखंडाला भाव आला, आणि मध्ययुगात लोकांनी दगड पोखरून ते आकडे काढून नेले. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत ढासळली. तिच्या दगडांतून रोममधले वाडे आणि चर्चं बांधली गेली. आपल्याकडे पडक्या गढीचे दगड गावातल्या घरांच्या जोत्यात जातात, तसंच.

आत गेल्यावर मुलं पहिली चौकशी अंगठ्याची करतात. सिनेमात सम्राट अंगठा खाली करतो आणि हरलेला ग्लॅडिएटर मरतो. रोमन लेखकांनी अंगठा 'वळवल्याचा' उल्लेख केला आहे, पण तो वर की खाली, हे त्यावरून कळत नाही. आपल्या डोक्यात बसलेला खाली केलेला अंगठा बराचसा जेरोम नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ सालच्या चित्रातून आला आहे. हे ऐकून मुलगा थोडा हिरमुसला.

मला विचाराल, तर अंगठ्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. एवढं बांधायला पैसा कुठून आला?

इ.स. ६४ मध्ये रोम जळालं, तेव्हा नीरोने जळालेल्या जागेवर स्वतःसाठी अफाट राजवाडा उठवला. आज कलोसियम आहे तिथे त्याचं खासगी तळं होतं. नीरोनंतर यादवी झाली आणि ६९ साली व्हेस्पेशियन सम्राट झाला. हा कुणा बड्या घराण्यातला नव्हता, सेनापती होता, आणि तिजोरीत खडखडाट होता. त्याने तळं बुजवून तिथे लोकांसाठी अ‍ॅम्फिथिएटर बांधायला घेतलं. ते पुरं झालं त्याचा मुलगा टायटस याच्या काळात, ८० साली. उद्घाटनाचे खेळ शंभर दिवस चालले.

पैशाचं उत्तर पुन्हा भोकांतच सापडलं. कलोसियममध्ये संगमरवराचा एक मोठा ठोकळा आहे. त्यावर पाचव्या शतकातल्या दुरुस्तीचा लेख कोरलेला आहे. पण अक्षरांच्या मधेमधे जुनी बारीक भोकं आहेत. ठोकळ्यावर आधी ब्राँझची अक्षरं बसवलेली होती, त्यांच्या खिळ्यांची ही भोकं. गेझा आल्फोल्डी या अभ्यासकाने १९९५ साली त्या भोकांच्या जागांवरून मूळ मजकूर जुळवला. त्याच्या वाचनानुसार अर्थ असा: सम्राटाने हे नवं अ‍ॅम्फिथिएटर युद्धातल्या लुटीतून बांधवलं. मुळात नाव व्हेस्पेशियनचं होतं. पुढे 'टायटस'चं एक अक्षर मधे घुसवून बांधकाम मुलाच्या नावावर केलं गेलं. सरकारी पाटीवरची नावं बदलण्याची कला तेव्हाही होती!

लूट कुठली? एवढी मोठी लूट त्या काळात एकीकडूनच आली होती. ६६ साली ज्यूंनी रोमविरुद्ध उठाव केला. तो मोडायला आधी व्हेस्पेशियन गेला, आणि ७० साली टायटसने येरुशलेम घेतलं. तिथलं मंदिर जळालं, लुटलं गेलं. हजारो ज्यू कैद्यांनी कलोसियम बांधलं, असंही गाईड छातीठोकपणे सांगतात. त्याला थेट पुरावा नाही. लुटीची खूण मात्र आजही दिसते, आणि ती चुकवू नका.

त्याच तिकिटावर फोरममध्ये जा. कलोसियमकडून चढ चढून गेलात की टायटसची कमान लागते. कमानीखाली उभं राहून डाव्या हाताच्या भिंतीवर पाहा. रोमन सैनिक येरुशलेमच्या मंदिरातली लूट खांद्यावर घेऊन मिरवताहेत, आणि त्यात सात फांद्यांची दिवठाणी आहे, मेनोरा. इस्राएलच्या राजचिन्हावरचा मेनोरा याच शिल्पावरून घेतलेला आहे. रोममधले ज्यू मात्र कित्येक पिढ्या या कमानीखालून जात नसत.

माझी आई तिथे बराच वेळ उभी राहिली. तिचं माहेर अलिबागकडचं. तिच्या लहानपणी शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं, शनवार तेली म्हणत त्यांना. त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. येरुशलेमची मंदिरं पडली त्याच्या स्मरणाचा दिवस, आव महिन्याची नवमी, या समाजात 'बिरड्याचा सण' म्हणून ओळखला जातो.

"म्हणजे शेजारच्या काकू सोलायला बसायच्या, ते वाल ह्याचे?" आई म्हणाली. "आम्ही पोरं मदतीला जायचो. विचारलं नाही कधी, सण कसला ते."

तिने मला मेनोराचा फोटो काढायला लावला आणि काकूंच्या लेकीला पाठवला. ती लग्नानंतर इस्राएलला गेली. संध्याकाळी उत्तर आलं, मराठीत: "पाहिलं गं. बिरडं मी अजून करते. वाल इथे मिळतात, पण आपले कडवे नाहीत मिळत. पुढच्या वेळी कुणी येणार असेल तर पाव किलो पाठव."