जिनाचे भाडे, सर्व्हरचे भाडे

१/ अख्खा सर्व्हर स्वस्त भाड्याने देणाऱ्या होतकरू कंपन्यांच्या जाहिराती आज अकोला-अमरावतीच्या लहान उद्योजकापर्यंत पोहोचतात. यंत्र दुसऱ्याचे आणि माल आपला, हा व्यवहार वऱ्हाडला नवा नाही. कापसाच्या जिनांनी तो दीड शतकापूर्वीच रुजवला.

२/ पूर्वी सरकी हाताच्या रेच्यावर काढली जाई. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. पाठोपाठ रेल्वे आली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची शाखा खुली झाली. पुढे वाफेची जिने आणि प्रेस उभी राहिली.

३/ असे यंत्र विकत घेणे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून एकाच जिनात अनेकांचा कापूस जाई. सरकी एकमेकींत मिसळे आणि चांगल्या वाणाचे बियाणे बिघडे.

४/ शेअर्ड होस्टिंगची अडचण याच जातीची आहे. एका यंत्रावर अनेक संकेतस्थळे नांदतात. एकावर गर्दी उसळली की शेजारी मंदावतात. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे संपूर्ण यंत्र एकाच भाडेकरूचे.

५/ भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. १९९८ मध्ये मुंबईत नेटमॅजिक आणि २००५ मध्ये नाशिकला ईएसडीएस या कंपन्या सुरू झाल्या. युरोपात जर्मनीची हेट्झनर (१९९७) आणि फ्रान्सची ओव्हीएच (१९९९) यांनी स्वतःच सर्व्हर जुळवून दर खाली आणले.

६/ वाढत्या कंपनीला स्वस्त दर परवडतो, कारण इमारत, शीतयंत्रणा आणि जोडणी यांवरचा खर्च आधीच झालेला असतो. रिकामे यंत्र काहीच कमावत नाही. किंमत वसूल झालेले जुने यंत्र थोड्या भाड्यातही नफा देते. हंगामापुरते चालणाऱ्या जिनाचे गणितही असेच होते.

७/ मात्र जिने गरजेहून अधिक झाली, तेव्हा मालकांनी ‘पूल’ केले. दर संगनमताने ठरे, काही जिने मुद्दाम बंद राहत आणि बंद जिनाच्या मालकालाही नफ्याचा वाटा मिळे. शेतकऱ्यापुढे जिने अनेक दिसत; निवड उरलेली नसे.

८/ १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने नोंदवह्या आणि गाठींवर प्रेसची खूण व क्रमांक आवश्यक केला. माल कोणाच्या हातून गेला, याचा माग त्यामुळे लागू लागला.

९/ जिनाला आगीचे भय पूर्वापार. सर्व्हरलाही ते चुकलेले नाही. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचची एक इमारत जळून खाक झाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु ज्यांनी विदेची दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांचे सर्वस्व त्या रात्री गेले. स्वस्त भाड्यात अशी प्रत बहुधा धरलेली नसते.

१०/ म्हणून जाहिरातीतला दर हा कराराचा केवळ पहिला आकडा होय. मुदत संपल्यावर दर किती, प्रत कुठे आणि माल उचलून दुसरीकडे नेता येईल काय, हे त्याहून महत्त्वाचे प्रश्न. बैलगाडी दुसऱ्या जिनाकडे वळवता येत होती, तोवरच वऱ्हाडच्या शेतकऱ्याने दर विचारण्याला अर्थ होता.