फाशी आणि ‘विशेष कारणे’

वटपौर्णिमेच्या कथेमुळे सत्यवान आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. पण तो यमाच्या पाशातून सुटलेला सावित्रीचा पती म्हणून. याच सत्यवानाच्या नावावर महाभारताच्या शांतिपर्वात एक वाद आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्याचा पिता राजा द्युमत्सेन याच्या आज्ञेने काही अपराध्यांना वधासाठी बाहेर काढण्यात आले आहे. त्या वेळी सत्यवान पित्याला विचारतो, की एका दरोडेखोराला मारताना त्याची निरपराध बायको, आई, बाप आणि पोरे यांनाही आपण मारीत नाही काय? अपराधी पुरोहिताला शरण येऊन पुन्हा पाप न करण्याची शपथ घेत असेल, तर त्याला सोडावे, असे त्याचे म्हणणे. द्युमत्सेनाचे उत्तरही विचार करण्याजोगे आहे. पूर्वी माणसाला नुसता धिक्कार पुरत असे, मग कठोर शब्द लागू लागले, पुढे धन हिरावून घ्यावे लागले आणि आता वधाचा दंड आला आहे, असा तो काळाचा हिशेब मांडतो.

बाप म्हणतो, लोक बिघडले म्हणून शिक्षा कठोर झाली. मुलगा म्हणतो, शिक्षेचा घाव नेमका कोणावर पडतो ते पाहा. देहान्त शासनाविषयी गेल्या अडीचशे वर्षांत जगभरच्या कायदेपंडितांनी जे लिहिले, त्याचा पुष्कळसा भाग या दोन वाक्यांच्या भोवती फिरतो आहे.

आपल्याकडच्या इतिहासात या प्रश्नाची आणखीही काही दर्शने घडतात. सम्राट अशोकाने आपल्या चौथ्या स्तंभलेखात, मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत द्यावी, अशी आज्ञा कोरून ठेवली. त्या अवधीत नातलगांनी रदबदली करावी, निदान कैद्याने दानधर्म व उपवास करून परलोकाची तयारी करावी. शिक्षा त्याने रद्द केली नाही. पण शिक्षेचा उच्चार आणि तिची अंमलबजावणी यांच्यामध्ये त्याने एक फट ठेवली. आजचा दयेचा अर्ज त्याच फटीत उभा आहे. दुसरे दर्शन पुण्याचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे आपली परंपरा अभिमानाने सांगते. शास्त्रीबुवांचे तेज त्यात आहेच. पण त्या कथेचा उत्तरार्धही विसरू नये. देहान्ताचा शब्द उच्चारला गेला, तो अमलात मात्र आला नाही. दादासाहेब पुढे सुरतेला इंग्रजांशी तह करून आले आणि १७८३ मध्ये कोपरगावी आपल्या मृत्यूने वारले. कायद्यातला सर्वांत कठोर शब्द सर्वांना सारखाच लागू होतो काय, हा प्रश्न तेव्हाही होता. तो पुढे न्यायालयात पुन्हा भेटेल.

युरोपात या वादाला शास्त्राचे रूप आले ते १७६४ मध्ये. मिलानच्या सेझारे बेक्कारिया या पंचविशीतल्या तरुणाने ‘अपराध आणि शिक्षा’ या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले व भीतीने आपले नाव न घालता छापले. शिक्षेची जरब तिच्या क्रौर्यात नसते, तिच्या निश्चितपणात असते, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. बावीस वर्षांनी, १७८६ मध्ये, टस्कनीच्या लिओपोल्डने आपल्या राज्यातून मृत्युदंड काढून टाकला. पोर्तुगालने १८६७ मध्ये लष्करी गुन्हे वगळता बाकी सर्व गुन्ह्यांसाठी तो रद्द केला आणि पुढे समुद्रापारच्या प्रांतांनाही तो नियम लावला. अशा रीतीने आपला गोवा फाशीच्या बाबतीत ब्रिटिश हिंदुस्थानाहून निराळ्या वाटेने गेला. अर्थात कायद्याच्या पुस्तकातून फास काढणाऱ्या त्याच राजवटीने १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, हेही खरे. पुस्तकातली दया आणि राज्यकर्त्याच्या हातातली दया एकच असते असे नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६० ची दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. खुनाला तिने दोन शिक्षा सांगितल्या : मृत्यू किंवा जन्मठेप. दोहोंपैकी कोणती निवडायची हे न्यायाधीशावर सोपविले. परंतु १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ३६७ व्या कलमात एक छोटेसे पोटकलम होते. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड देता येतो, त्यात न्यायाधीशाने दुसरी शिक्षा दिली, तर मृत्युदंड का दिला नाही याचे कारण त्याने निकालपत्रात लिहिले पाहिजे. म्हणजे फाशी हा सरळ रस्ता आणि जन्मठेप ही आडवाट. आडवाटेने जाणाऱ्यानेच खुलासा करायचा! फाशी देणाऱ्या न्यायाधीशाला लेखणी थोडी कमी झिजवावी लागे. माणसाच्या जिवाचा प्रश्न असा एका पोटकलमाच्या कलाने ठरत होता.

हे कोणाला खटकले नाही असे नाही. १९३१ मध्ये बिहारचे गयाप्रसाद सिंग यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात फाशी रद्द करण्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्ये फाशी रद्द केली; पण संस्थाने विलीन होऊन देशभर एकच फौजदारी कायदा आला, तेव्हा ती तेथे परतली. घटना समितीत जून १९४९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांची चर्चा चालू असताना डॉ. आंबेडकरांनी, अपिलांची तरतूद वाढविण्यापेक्षा आपण देहान्त शासनच रद्द करणे पसंत करू, असे मत मांडले. हा देश मोठ्या प्रमाणावर अहिंसेवर विश्वास ठेवणारा आहे. आचरणात उणे पडला तरी तो आदर्श मानतो, हे त्यांचे कारण होते. घटनेत मात्र ते उतरले नाही.

पुढची हालचाल गाजावाजा न होता झाली. १९५५ च्या दुरुस्तीने ते जुने पोटकलम गाळले आणि १ जानेवारी १९५६ पासून दोन्ही शिक्षा एका पातळीवर आल्या. १९५८ मध्ये राज्यसभेत फाशी रद्द करण्याचा ठराव मांडला तो कोणी वकिलाने नव्हे, तर रंगभूमीचे व रुपेरी पडद्याचे सम्राट पृथ्वीराज कपूर यांनी. चर्चा होऊन ठराव मागे घेतला गेला. १९६२ मध्ये लोकसभेत तसाच ठराव आला, तेव्हा सरकारने हा विषय विधी आयोगाकडे सोपविण्याचे मान्य केले. आयोगाचा ३५ वा अहवाल १९६७ मध्ये पुरा झाला. देश अवाढव्य, लोकांच्या शिक्षणात व संस्कारांत मोठा फरक, कायदा व सुव्यवस्था राखण्याची निकड. अशा वेळी फाशी रद्द करण्याचा प्रयोग करून पाहणे परवडणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. द्युमत्सेनाचेच हे आधुनिक बोलणे.

गंमत अशी, की फाशी राहिली तरी पोटकलमाचे तोंड फिरले. १९७३ च्या नव्या प्रक्रिया संहितेत ३५४ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने आज्ञा केली, की मृत्युदंड द्यायचा असेल तर न्यायाधीशाने त्याची ‘विशेष कारणे’ नमूद करावीत. पाऊणशे वर्षांपूर्वी जीव वाचविणाऱ्याला खुलासा द्यावा लागे. आता जीव घेणाऱ्याला द्यावा लागू लागला. जन्मठेप हा हमरस्ता झाला. एका पिढीत कायद्याने केवढी कूस बदलली, हे यावरून कळावे.

या बदलाचा अर्थ लावण्याचे काम ९ मे १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी बच्चन सिंग खटल्यात केले. सरन्यायाधीशपदी होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनेला धरून आहे असे ठरले. पण ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणी, दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तेव्हाच द्यावी, असा दंडक घालून दिला गेला. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही पाहावे, तो सुधारण्यापलीकडे गेला आहे हे सरकारने दाखवावे, असे त्यात आले. विरोधी मत होते न्यायमूर्ती भगवती यांचे. ही शिक्षा कोणाला होईल हे लहरीवर अवलंबून राहते आणि तिचा भार बहुधा गरिबावर पडतो, असे त्यांनी १९८२ मध्ये सविस्तर लिहिले.

त्यांच्या म्हणण्याला पुरावा शोधायला दूर जायला नको होते. उत्तर प्रदेशात एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनात तिघांना फाशी झाली होती. तिघांचाही वाटा सारखा. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायमूर्तींपुढे आले. पहिल्याचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्याची फाशी जन्मठेपेत बदलली. तिसऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. पण फाशीच्या आधी त्याने पुन्हा न्यायालय गाठले आणि त्याला स्थगिती मिळाली. पहिला ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फासावर गेला. फेब्रुवारी १९८२ मध्ये खुद्द सरन्यायाधीश चंद्रचूडांनी तिसऱ्याची शिक्षा राष्ट्रपतींनी सौम्य करावी अशी शिफारस केली. पहिल्याचा अर्ज फेटाळणाऱ्या पीठावर तेही होते. गुन्हा एक, वाटा एक, कायदा एक आणि नशिबे तीन! मेलेल्या माणसाच्या बाबतीत न्यायालयाजवळ हळहळीपलीकडे काही उरले नव्हते.

येथे कायद्याच्या अभ्यासकांचे काम सुरू होते. फाशीने खून थांबतात काय, हा पहिला प्रश्न. १९७५ मध्ये आयझॅक अर्लिक या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने गणित मांडून, एका फाशीमुळे सात-आठ खून टळत असावेत, असा निष्कर्ष काढला आणि मोठी खळबळ उडाली. पण १९७८ मध्ये व पुन्हा २०१२ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञानसंस्थांच्या तज्ज्ञांनी असे सारे अभ्यास तपासून, त्यांच्या आधारे धोरण ठरविता येणार नाही, असा निर्वाळा दिला. जरब बसते असेही सिद्ध नाही, बसत नाही असेही नाही. दुसरा प्रश्न, फाशी कोणाला होते? ब्लॅकशील्ड या ऑस्ट्रेलियन विद्वानाने १९७९ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ताडून पाहिले आणि निकाल कोणत्या न्यायमूर्तींपुढे प्रकरण येते यावर किती हलतो, ते दाखविले. २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरच्या फाशीच्या ३७३ कैद्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. राघोबादादांसारखा कोणी त्या यादीत शोधून सापडणे कठीण.

तिसरा प्रश्न सर्वांत जड : चूक झाली तर? २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उघड कबूल केले, की १९९६ च्या आपल्या एका निकालात केवळ गुन्ह्याकडे पाहिले गेले, गुन्हेगाराकडे नाही. तो निकाल बच्चन सिंगच्या दंडकाशी विसंगत होता आणि पुढच्या अनेक निकालांनी त्याचा आधार घेतला होता. ज्याच्या बाबतीत तो १९९६ चा निकाल दिला, तो माणूस त्याच वर्षी फासावर गेला होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, अशा चुकीच्या आधाराने फाशी झालेल्या जिवंत कैद्यांना वाचवावे, अशी विनंती केली. न्यायाधीशांनी न्यायाधीशांच्या चुकीसाठी दयेची याचना करावी, असा प्रसंग इतिहासात वारंवार येत नाही.

दुसरी बाजूही तितक्याच आदराने ऐकली पाहिजे. ज्या घरातले माणूस क्रूरपणे मारले गेले, त्या घरच्या दिवाळीला दिवा कसा लागत असेल, हे पंडितांच्या आकड्यांत येत नाही. १९८३ च्या मच्छी सिंग निकालात न्यायालयाने समाजाच्या सामूहिक सद्सद्विवेकबुद्धीला बसणाऱ्या धक्क्याची भाषा वापरली, ती याच भावनेतून. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईतल्या संहाराचा गुन्हेगार २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला फासावर गेला, तेव्हा महाराष्ट्रात फारसा कोणी हळहळला नाही. ती भावना खोटी म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच, की त्या भावनेचा न्याय जन्मभराच्या कैदेने होतो, की फासानेच होतो?

भवितव्याचे काय? न्यायमूर्ती अ. प्र. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात, दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली. आयोगातच त्यावर मतभेद होते. २००४ ते २०२० या काळात देशात आठ माणसे फासावर गेली. त्यांतली चौघे २० मार्च २०२० रोजी तिहारमध्ये एकाच पहाटे. एकीकडे सत्र न्यायालये फाशी सुनावीत राहतात, दुसरीकडे वरची न्यायालये तिच्यातल्या बहुतेक काढून घेतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने फाशी तर ठेवलीच, शिवाय जमावाने केलेल्या विशिष्ट खुनांनाही ती शिक्षा सांगितली. जगातल्या शंभरांहून अधिक देशांनी मृत्युदंड सर्व गुन्ह्यांसाठी रद्द केला आहे. आपण अजून द्युमत्सेन आणि सत्यवान यांच्यामध्ये उभे आहोत.

तरी ते छोटे पोटकलम विसरू नये. १८९८ मध्ये ते विचारीत होते, ‘का वाचविलेस?’ १९७३ पासून ते विचारते आहे, ‘का मारतोस?’ २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली, की फाशीचा विचार करण्यापूर्वी कैद्याचे बालपण, गरिबी, मनःस्थिती आणि तुरुंगातली वागणूक यांची माहिती न्यायालयापुढे यायलाच हवी. प्रश्न जितका बारकाईने विचारला जाईल, तितकी ‘विशेष कारणे’ सापडणे अवघड होत जाईल. कायद्याने फाशी एका दिवसात रद्द केली नाही, तरी उत्तर द्यायची पाळी कोणाची, हे तरी त्याने ठरवून टाकले आहे. ते उत्तर जेव्हा कोणालाच देता येणार नाही, तेव्हा फास आपोआप गळून पडेल.