दात मोजल्याशिवाय क्लच बदलू नका

मुस्लिमांच्या विज्ञानातील योगदानाचा विषय निघाला की आपल्याकडे नावांची यादी सुरू होते. इब्न सिना, अल-ख्वारिज्मी, इब्न अल-हैसम, अल-जझरी. जलशात भाषण होते, टाळ्या पडतात, मोबाइलवर चित्रे फिरतात. पण त्या माणसांनी नेमके काय केले, हे यादी म्हणणाऱ्याला विचारले तर बहुतेकदा उत्तर मिळत नाही. यांतल्या अल-जझरीचे काम समजून घेतले असते, तर आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरील काही मुलांचे दोन क्लच जळाले नसते, असे मला वाटते.

ही मुले माझ्या वर्गातून शिकून गेलेली. श्रीवर्धनकडच्या एका वाडीत त्यांनी भंगारातून गो-कार्ट उभी केली. लोखंडी पाइपांची चौकट, जुन्या पाणीपंपाचे पेट्रोल इंजिन, लहान चाके आणि साखळी. इंजिनाच्या दांड्यावर सेंट्रिफ्यूगल क्लच. गाडी चालू व्हायची, पण माणूस बसला की ओढायची नाही. थोड्याच वेळात जळका वास यायचा. क्लच बदलला, तोही गेला. घरच्यांनी सांगितले, "हे आपलं काम नाही. पासपोर्ट काढ आणि कुवेतला चुलत्याकडे जा." मुले माझ्याकडे आली ती यंत्र दुरुस्त करून घ्यायला नव्हे, घरच्यांशी बोलायला. मी भाषांचा शिक्षक. पण इतिहासात थोडा रमतो, म्हणून त्यांना आधी रहाटाबद्दल विचारले.

अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या विहिरीच्या पाण्यावर वाढल्या. पंप येण्यापूर्वी ते पाणी रहाटाने काढत. बैल विहिरीच्या कडेला गोल फिरतो, त्याच्याबरोबर आडवे लाकडी चक्र फिरते. त्याचे दात दुसऱ्या उभ्या चक्रात अडकतात आणि गाडग्यांची माळ वर येते. बैलाची आडवी चाल उभी करायचे काम हे दात करतात. बैल थांबला तर भरल्या गाडग्यांच्या वजनाने चक्र उलटे फिरू नये, म्हणून एक अडकणही असते. म्हणजे गिअर ही वस्तू आमच्या आजोबांच्या वाडीत होती, फक्त तिला कुणी गिअर म्हणत नव्हते.

दातांचा हा रहाट भारतात कधी आला, यावर इतिहासकारांत वाद आहे. इरफान हबीब यांच्या मते संस्कृत ग्रंथांतला जुना अरघट्ट बिनदातांचा होता. दाते असलेली जोडणी तेराव्या-चौदाव्या शतकात तुर्कांच्या काळात इकडे आली. इतर अभ्यासकांना हे पूर्ण मान्य नाही. बाबरने मात्र आपल्या आठवणींत लाहोर, सरहिंदकडच्या रहाटांचे वर्णन केलेले आहे.

त्याआधी, 1206 मध्ये, दियारबकीरच्या अर्तुकी दरबारातील कारीगर इस्माईल अल-जझरी याने यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात 50 यंत्रे आहेत आणि पाणी वर काढणारी यंत्रेही आहेत. एका यंत्रात जनावर गोल फिरते, पण चक्राच्या केवळ काही भागालाच दात आहेत. दात अडकले की पाण्याचा पोहरा वर उचलला जातो. दात संपले की जोडणी सुटते आणि पोहरा आपल्या वजनाने परत पाण्यात जातो. ताकद कधी जोडायची आणि कधी सोडायची, हा प्रश्न त्याने दातांनीच सोडवला. त्याच्या ग्रंथात मापे आहेत, आकृत्या आहेत, जोडणीचा क्रम आहे. दुसऱ्या कारीगराला ते यंत्र बनवता यावे, यासाठी त्याने लिहिले.

जोडणे आणि सोडणे हेच काम क्लच करतो, फक्त दातांऐवजी घर्षणाने. कॅलिफोर्नियात 1956 मध्ये आर्ट इंगल्सने गवत कापायच्या यंत्राचे इंजिन लावून पहिली गो-कार्ट बनवली. सुरुवातीच्या अनेक कार्टना क्लचच नव्हता, ढकलून चालू कराव्या लागत. आपल्याकडे 1972 मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लूना आणली आणि आपोआप पकडणारा सेंट्रिफ्यूगल क्लच महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. इंजिनाचा वेग वाढला की आतले शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घट्ट टेकतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढते.

आता मुलांच्या गाडीचा हिशेब. इंजिन मिनिटाला 3600 फेरे घेते. पुढच्या स्प्रॉकेटला 10 दात, मागच्याला 30. म्हणजे इंजिनाच्या तीन फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. चाकाचा व्यास 28 सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे 88 सेंटीमीटर अंतर. हिशेबाने वेग ताशी 63 किलोमीटर. मुले यावर खूश होती, पण दुखणे इथेच होते. हा क्लच साधारण 2000 फेऱ्यांवर पकड घेतो. त्या फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी 35 किलोमीटर व्हायला हवा. तेवढा वेग येईपर्यंत शू ड्रमवर घासतच राहणार. वाडीच्या वाळूत, चढावर, माणूस बसलेला असताना गाडी 35 वर पोहोचतच नाही. मग घासणे थांबत नाही, ड्रम निळा पडतो आणि वास येतो.

मागे 60 दातांचे स्प्रॉकेट बसवले की सहास एक प्रमाण होते. कमाल वेग 32 वर येतो, पण पूर्ण पकड 18च्या आतच मिळते. चाक मोठे केले तर उलटा परिणाम होतो, कारण एका फेऱ्यातले अंतर वाढते. म्हणून "मोठी चाके लावू या का सर?" याला उत्तर नाही असेच.

तपासण्याचा क्रमही लक्षात ठेवावा. इंजिन बंद करून मागची चाके उचला आणि हाताने फिरवा. जड फिरत असतील तर ब्रेक किंवा बेअरिंग अडते आहे. मग दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का आणि साखळी फार ताणलेली नाही ना, हे पाहा. नंतर दात मोजा. इंजिन रिकामे चालत असतानाही गाडी पुढे सरकत असेल तर इंजिनाचा रिकामा वेग जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे. ड्रममध्ये तेल गेले असेल तर शू पकडत नाहीत. नवा क्लच विकत घेण्याचा विचार या सगळ्यानंतर. साखळीवर झाकण हवे, डोक्यावर हेल्मेट हवे आणि नोंदणी नसलेली अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नये.

मुलांनी पेण बाजारातून मोठे स्प्रॉकेट आणले. क्लच टिकला. गाडी हळू चालते, पण दोघांना ओढते.

घरच्यांशीही बोललो. कुवेतला जायला माझा विरोध नाही. आखाती देशांत आमच्या कोकणातल्या कितीतरी मेस्त्रींनी घरे उभी केली. पण दात मोजून क्लच का जळाला हे सांगणारा मुलगा आणि नुसता सुटा भाग बदलणारा मुलगा, यांना तिथे मिळणारा पगारही वेगळा असतो आणि मानही. आपल्या शाळांत अल-जझरीचे चित्र भिंतीवर लावतात, ते चांगलेच आहे. त्या चित्राखाली त्याच्या चक्राचे दात मोजायला लावणारा एखादा तास ठेवला, तर हुनर आणि इल्म वेगवेगळ्या वर्गांत बसणार नाहीत. तो तास उर्दूत घ्या की मराठीत, दातांची संख्या तीच राहते.