नाट्यपदांतील 'चाल' : एका सामायिक स्ववस्तूचा विचार

संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गीताचे आरंभीचे शब्द दिलेले आढळतात. ही केवळ गाणाऱ्यासाठी केलेली सूचना समजून अभ्यासक सामान्यतः पुढे जातात. वस्तुतः ती ऋणाची उघड नोंद होय.

नवी मुंबईत वाशी येथील नाट्यगृहास ज्यांचे नाव दिले आहे, त्या विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' केले. त्यांच्या खेळात पदे सूत्रधार गाई. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) या नाटकांत पदे पात्रांच्या मुखी दिली. एकट्या 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे आहेत. एवढ्या चाली नव्याने रचण्याचे त्यांना कारण नव्हते. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. साकी-दिंडी, कीर्तनातील पदे, लावणी आणि कानडी गाणी त्यांच्या कानांत होतीच. नटाला स्वरलेखनावाचून पद बसवावयाचे असे. ओळखीची चाल असली म्हणजे अर्धे काम झालेले असे, आणि प्रेक्षकही पहिल्या ओळीलाच पदाशी समरस होई. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' (१८९६) नाटकात पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली आणल्या. रुचिभेदावरून वाद झाले खरे. परंतु चाल घेणे हे चौर्य होय, असा मुद्दा त्यांत प्रमुख नव्हता.

जमैकातील 'रिडिम' ही या प्रथेशी ताडून पाहण्याजोगी गोष्ट आहे. तेथे ढोल व मंद्र तंतुवाद्य यांच्या ध्वनिमुद्रित बैठकीला स्वतंत्र नाव असते आणि तिच्यावर अनेक गायक आपापली गीते रचतात. १९८५ चे 'स्लेंग टेंग' कॅसिओ कंपनीच्या एका लहान वाद्यात आधीच भरलेल्या ठेक्यावर उभे राहिले. स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेन यांच्या एका रिडिमचे नाव तर 'दिवाळी' असे आहे. शॉन पॉल व वेन वंडर या दोघांचीही २००२-०३ मधील गाजलेली गीते त्यावरच आहेत. साम्य मात्र फार ताणू नये. रिडिममध्ये पाया स्थिर राहतो व गायकाची स्वरावली बदलते. मराठी 'चाली'त स्वरावलीच स्थिर राहून शब्द बदलतात. म्हणूनच शृंगाराची चाल भक्तीच्या पदाला लावताना मराठी कवीपुढे जी अडचण उभी राहते, ती जमैकन गायकाला सहसा भासत नाही.

'मानापमान' (१९११) नाटकास गोविंदराव टेंबे यांनी व 'स्वयंवर' (१९१६) नाटकास भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. त्यांचा आधारही बहुधा हिंदुस्थानी चिजांचाच होता. परंतु 'चाली कोणाच्या?' या प्रश्नाला आता एका व्यक्तीचे नाव उत्तर म्हणून मिळू लागले. 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकात केशवराव भोळे यांनी आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मध्ये जितेंद्र अभिषेकी यांनी हे संगीतकाराचे स्थान दृढ केले. १९५७ च्या कायद्याने संगीतकृतीस स्वामित्व दिले. मात्र ती लेखनबद्ध असणे आवश्यक होते. ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. मुखपरंपरेने आलेली, कर्ता अज्ञात असलेली चाल या चौकटीत सहज बसत नाही.

पदसंग्रह संपादित करताना 'चाली'ची ओळ अनावश्यक म्हणून गाळण्याचा मोह होतो. ती गाळल्यास पद कोठून आले हे तर कळत नाहीच. पण जी मूळ लावणी वा कानडी गीत आज कोणी गात नाही, त्याचे उरलेले चार शब्दही पुष्कळदा तेथेच असतात.