भिंतीच्या पोटातला दगड

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला चार मिनिटे कमी असताना, किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली.

या भिंती काही पातळ नव्हत्या. दोन-अडीच फूट जाडीची काळ्या दगडाची भिंत मराठवाड्यात सर्रास दिसे आणि जाड भिंतीचे घर म्हणजे भक्कम घर, असाच समज होता. ढिगाऱ्यांशेजारी अर्धवट उभ्या राहिलेल्या भिंतींनी मात्र वेगळेच चित्र दाखवले. बाहेरचा दर्शनी पदर अंगणात कोसळलेला, आतला पदर खोलीत, आणि दोहोंमध्ये भरलेल्या कपच्या, माती आणि मुरूम मोकळे झालेले. बाहेरून एक दिसणारी भिंत मुळात दोन भिंती होत्या. त्यांना बांधून ठेवणारा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी बसवलेलाच नव्हता.

भूकंपानंतर लोकांनी दगडाचाच धसका घेतला. पुनर्वसित गावांत काँक्रीट ब्लॉकची घरे आली आणि दगडी घर नको रे बाबा, असे लोक म्हणू लागले. त्यांनी जे पाहिले त्यानंतर ते स्वाभाविकच होते. पण दगडावर यात अन्याय झाला, कारण दगड कसा रचायचा हे याच मातीत फार पूर्वीपासून ठाऊक होते.

लातूर जिल्ह्यातल्याच निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर पाहावे. यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावाने या मंदिराची शैली ओळखली जाते, तरी तिच्यातली अनेक देवळे त्याच्याही आधीची आहेत. या बांधणीत चुना जवळपास नसतोच. दगड घडवून, खाच-खोबणी करून, एकमेकांच्या वजनावर बसवलेले असतात. चुना हाताशी नसला की चुकीला झाकण मिळत नाही. दगडाची बैठक सपाट नसेल तर वरचा थर बसणारच नाही. म्हणून अशा कामात कोणता दगड कुठे जाणार, हे त्याला छिन्नी लागण्याआधीच ठरवावे लागे.

दुसरा दाखला नळदुर्गचा. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, किल्ल्याला जोडून दगडी बंधारा बांधला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल ठेवला गेला. पावसाळ्यात वरून नदी कोसळते आणि आत माणसे कोरडी उभी राहतात. धरणाच्या गाभ्यात खोल्या काढायच्या तर आतल्या बांधकामाला दर्शनी बाजूइतकाच काटेकोरपणा हवा. चार शतके पाण्याचा मार खाऊन तो उभा आहे.

चुन्यातले असे काम जागेवर दगड पोचण्याच्या कितीतरी आधी सुरू होई. चुनखडी भाजायची, कळ्या विझवायच्या, मग वाळूसह घाणीत मळायच्या. गोल दगडी चरातून बैल जड चाक ओढत फिरत. अशा घाणी अनेक गडांवर आजही दिसतात. कच्चा राहिलेला चुना सांध्यात गेल्यावर फुगतो आणि दगड ढकलतो. म्हणून तो वेळेआधी वापरणे गवंड्याला परवडत नसे. दगड हातोडीने वाजवून पाहायचा, आवाज खणखणीत आला तरच घ्यायचा. बसवण्याआधी तो भिजवायचा, नाहीतर तो चुन्यातले पाणी शोषतो. बांधून झालेल्या थराला दिवसेंदिवस पाणी मारायचे. आणि हे सारे दसऱ्यानंतर हाती घेऊन मृगाच्या आत उरकायचे. वडार, पाथरवट, बेलदार आणि गवंडी यांची कामे एकमेकांत अशी अडकलेली असत की एकाचा उशीर सगळ्यांचा उशीर ठरे.

इंग्रजी अमलात हे ज्ञान कागदावर आले. 1854 साली पुण्यात सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी आणि देखरेख करणारे घडवण्याकरिता वर्ग सुरू झाला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. दगडाचा थर किती उंचीचा, सांधेमोड किती, आरपार दगड किती अंतरावर, हे करारात लिहिले जाऊ लागले. ओव्हरसिअरने पाहायचे, मोजायचे, मेजरमेंट बुकात नोंदवायचे आणि मगच बिल निघायचे. खडकवासला, तानसा, भंडारदरा ही धरणे या शिस्तीत उभी राहिली.

पण ही शिस्त सरकारी कामापुरतीच राहिली. खेड्यातल्या घराला ओव्हरसिअर नव्हता. तिथला मालक शेतातला, ओढ्यातला मिळेल तो गोटा आणून द्यायचा आणि गवंडी त्यातून भिंत काढायचा. दोन फूट लांबीचा एकसंध दगड शेतात सापडत नाही. तो खाणीतून मुद्दाम काढावा लागतो, गाडीत चढवावा लागतो आणि भिंतीत बसला की त्याचे फक्त टोक दिसते. दर्शनी भाग नीट जुळला, दरजा भरल्या की घर सुबक दिसते. दोष गवंड्याच्या हातात कमी आणि त्याला पुरवलेल्या मालात जास्त होता, असे म्हणायला जागा आहे.

कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक आयएस 13828 त्याच 1993 साली आले. त्यातली अपेक्षा साधी आहे: भिंत 450 मिलिमीटरपेक्षा जाड नको, दर 600 मिलिमीटर उंचीला आरपार दगड हवेत आणि दोहोंमधले आडवे अंतर 1.2 मीटरपेक्षा जास्त नको. हिशेब करून पाहिला तर दहा मीटर लांब, तीन मीटर उंच भिंतीला असे चाळीस-पंचेचाळीस दगड लागतात. अशा चार भिंतींच्या घराला दीडशेहून जास्त. ते पाया खणतानाच मोजून मागवले नाहीत, तर भिंत कमरेएवढी झाल्यावर कुठून आणणार? काम थांबवण्यापेक्षा मधे चिपा भरून पुढे जाणेच मग सोपे वाटते.

जी घरे तडे जाऊनही उभी होती, त्यांचे काय करायचे हा पुढचा प्रश्न होता. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. त्यात जुन्या भिंतीला नवा आरपार दगड देण्याची एक युक्ती होती. दगड हलक्या हाताने सुटे करून भिंतीत या तोंडापासून त्या तोंडापर्यंत छिद्र करायचे, दोन्ही टोकांना वाकवलेली आठ मिलिमीटरची सळई त्यात ठेवायची आणि काँक्रीट भरून टाकायचे. पहारीचा घाव जोरात बसला तर आधीच सैल झालेला पदर सुटून पडायचा. म्हणून छिद्रांच्या जागा आधी भिंतीवर आखून घ्यायच्या, दगड हाताने हलवून मोकळा करायचा आणि एका छिद्रात काँक्रीट भरून झाल्यावर त्यावर पाणी मारत राहायचे.